एकाच बटणाचं पान

तिला ‘कोतवाल’ हे नाव मास्तरांनी ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की ‘ऐकव’ प्रकल्पातल्या निम्म्या लोकांना तिचं खरं नाव ठाऊकच नव्हतं. दिवसा ती एका विमा कंपनीत दाव्यांची छाननी करायची. जळालेली गोदामं, ठोकलेल्या गाड्या, ऐन सुट्टीत हरवलेल्या अंगठ्या. समोरचा माणूस ढसाढसा रडत असला तरी तो आत्ताच का रडतोय, हे बघायचं, असं ते काम. संध्याकाळी घरी आली की हातपाय धुऊन, चहाचा कप घेऊन ती पुन्हा तेच काम ‘ऐकव’साठी करायला बसायची, हौसेनं.

‘ऐकव’ म्हणजे संगणकावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. ज्यांची नजर गेली आहे किंवा जायला लागली आहे, अशा माणसांसाठी मास्तरांनी तो लिहायला घेतला होता. मास्तर म्हणजे संगणकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी प्रोग्रॅम मुक्त ठेवला. कोणीही वापरावा, कोणीही त्याचा कोड उघडून वाचावा, सुधारावा. त्यामुळे कुठली कुठली हौशी माणसं त्यात भर घालायची, आणि ती भर आत घ्यायची की दारातूनच परत पाठवायची, हे कोतवाल ठरवायची. सर्व्हरच्या किल्ल्या दोघांकडेच होत्या. एक मास्तर, दुसरी ती.

आता प्रोग्रॅम मुक्त असला तरी तो मिळवणं म्हणजे दिव्य होतं. वेबसाईटवर ‘डाउनलोड’ म्हणून जे पान होतं, ते मास्तरांचं लाडकं लेकरू. नव्या मशीनसाठी वेगळी फाईल, जुन्यासाठी वेगळी, त्याहून जुन्यासाठी आणखी वेगळी. इन्स्टॉल करायची, न करता चालवायची. पक्की आवृत्ती, चाचणीची आवृत्ती, आज सकाळीच तयार झालेली कच्ची आवृत्ती. शिवाय नुसता कोड, तोही तीन प्रकारांनी बांधलेला. आणि हे सगळं पुन्हा तीन वेगवेगळ्या सर्व्हरांवर. कोणी तक्रार केली की मास्तर म्हणायचे, “पर्याय म्हणजे स्वातंत्र्य. मी कोण लोकांच्या वतीनं ठरवणारा?” कोतवालला त्या पसाऱ्याचं प्रेम नव्हतं, पण तो मोडायचीही तिला घाई नव्हती. खूप दारं असली की चोराला कुठल्या दारात उभं राहावं ते कळत नाही, असा तिचा हिशेब.

अशात तो पाहुणा उगवला.

“मी इथे पाहुणाच आहे, पण एक सुचवू का?” हे त्याचं पहिलं वाक्य. तेव्हापासून सगळे त्याला पाहुणाच म्हणायला लागले. त्याचं म्हणणं सोपं होतं. पानावर एकच मोठं बटण ठेवा. माणूस कुठल्या मशीनवरून आलाय ते पान स्वतः ओळखेल आणि योग्य ती फाईल देईल. बाकीचं सगळं खाली ‘इतर पर्याय’मध्ये. त्यानं चित्रंही काढून पाठवली होती. स्वच्छ, नीटस. बघणाऱ्याचा जीव थंड व्हावा अशी.

कोतवालचा जीव थंड झाला नाही. उलट कान टवकारले. चित्रं सुरेख होती, हीच तिला पहिली शंका. ओळख ना पाळख, आणि एवढी मेहनत फुकट? शिवाय एकच बटण म्हणजे एकच वाट. त्या वाटेवर कोणी एकानं ठाण मांडलं की येणारा जाणारा प्रत्येक जण त्याच्याच हातून माल घेणार. आणि घेणारी माणसं कोण, तर ज्यांना समोरचं दिसत नाही ती.

“तुम्ही स्क्रीनवर समोर या ना एकदा, बोलू,” तिनं लिहिलं.

“माझ्याकडे कॅमेरा नाही,” त्यानं लिहिलं. “आणि खरं सांगायचं तर मला लिहूनच बरं पडतं.”

“कॅमेरा नाही म्हणे,” ती नवऱ्याला म्हणाली. “आजच्या दिवसांत दाराच्या बेललासुद्धा कॅमेरा असतो.”

नवरा जमीन मोजणी खात्यात होता. दुसऱ्यांच्या कुंपणांची भांडणं दिवसभर ऐकून तो घरी कुठल्याच बाजूनं बोलत नसे. “असेलही, नसेलही,” एवढंच तो म्हणाला.

मास्तरांना मात्र पाहुणा आवडला. पानाशी ते सहमत नव्हते, पण पोरगा वाद छान घालतो म्हणून खूश होते. “अहो कोतवाल, येऊ द्या त्याला आत. ओसरीपर्यंत तरी.” मग कोतवालनं त्याला वेबसाईटच्या कच्च्या प्रतीवर काम करायची मुभा दिली आणि नव्या आवृत्तीची बोलणी जिथे चालत त्या गटात घेतलं. किल्ल्या दिल्या नाहीत. त्यानं त्या एकदा मागितल्या मात्र. “बटणाची चाचणी खऱ्या सर्व्हरवर करायला लागेल,” असं म्हणाला. तिनं ते मनात टिपून ठेवलं.

त्याच सुमारास एका वापरकर्त्याचा संदेश आला. आयुष्यभर जहाजावर काम केलेले, आता दोन्ही डोळ्यांनी अंधूक दिसणारे एक काका. ‘ऐकव’कडूनच एकेक अक्षर वाचून घेत त्यांनी लिहिलं होतं की तुमचं पान फार छान आहे, एक बटण दाबलं की काम होतं, पण काल ते बटण जरा अडखळत होतं, बघून घ्या. खाली पानाचा पत्ता दिला होता.

तो पत्ता त्यांचा नव्हताच.

कोतवालनं तो उघडला. पांढरं शुभ्र पान. वर ठळक अक्षरांत ‘ऐकव’. मधोमध एक भलंमोठं बटण. पान उघडताच एक आवाज म्हणत होता, “एंटर दाबा, प्रोग्रॅम येईल.” बस. कोणी बनवलं, काही नाही. पत्त्याच्या नोंदणीत मालकाचं नाव झाकलेलं. आजकाल सगळ्यांचंच झाकलेलं असतं, पण त्या दिवशी तिला ते तोंडाला फडकं बांधल्यासारखं दिसलं.

तिनं तिथली फाईल उतरवून घेतली. प्रत्येक फाईलचा एक ठसा काढता येतो, माणसाच्या अंगठ्यासारखा. आतलं एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. तिनं तो काढला, आपल्या फाईलच्या ठशाशी ताडून पाहिला. तंतोतंत तोच.

दुसरं कोणी असतं तर सुटकेचा श्वास सोडला असता. कोतवालचा संशय दुप्पट झाला. मालाला हात न लावणारा चोर म्हणजे घाई नसलेला चोर. आधी चार दिवस कुत्र्याला भाकर घालायची, ओळख वाढवायची, आणि मग एका रात्री कुंपण ओलांडायचं. लोकांना या पानाची सवय लागली की एक दिवस फाईल बदलेल, आणि आंधळ्या विश्वासानं बटण दाबणाऱ्यांचं सगळं, पत्रं, बँकेचे व्यवहार, औषधांच्या चिठ्ठ्या, कोणाच्या तरी घशात जाईल.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट तिला पुढे दिसली. तिथल्या फाईलवरच्या वेळेनुसार त्या पानावर सर्वांत नवी आवृत्ती चढली होती ती एका संध्याकाळी. ‘ऐकव’ची जाहीर घोषणा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी झाली होती. फाइली सर्व्हरवर तयार आहेत, हे घोषणेआधी मास्तरांना ठाऊक, तिला ठाऊक, आणि पाहुण्याला ठाऊक.

“घरभेदी आहे,” जेवताना ती म्हणाली. “सुईच्या नेढ्यातून उंट जाईल, पण ही बातमी बाहेर आपोआप जाणार नाही. आतलाच कोणीतरी आहे.”

टेबलाशी तिघं होती. ती, नवरा, आणि वरच्या खोलीत राहणारी तिची नणंद. नणंद डोळ्यांच्या दवाखान्यात काम करायची. ज्यांची नजर उतरत चाललीय त्यांना काठी कशी धरायची, गॅस कसा पेटवायचा, फोन कसा ओळखायचा, हे शिकवायची. बोलायला तशी तिखट, पण त्या दिवशी ताटातली भाजी नुसती चिवडत होती.

“फाईल तीच आहे म्हणतेस ना, वहिनी? मग बिघडलं काय?”

“आज तीच आहे गं. उद्याचं काय?”

“पण लोकांना मिळतेय ना सोपेपणानं?”

“विषाची गोळीसुद्धा साखरेत घोळूनच देतात. सोपं म्हणजे चांगलं नव्हे. हे चोराचे धंदे आहेत, लिहून ठेव.”

नणंदेनं पाण्याचा घोट घेतला, ताट उचललं आणि डोकं दुखतंय म्हणून वर गेली. भोळी आहे बिचारी, कोतवालच्या मनात आलं. दिवसभर रडक्या म्हाताऱ्यांच्यात बसून जगाकडे बघायची सवय राहिली नाही तिला.

ती जहाजवाल्या काकांना लगेच लिहिणार होती, पत्ता कुठून मिळाला म्हणून. मग वाटलं, नको. हे काका तरी खरेच कशावरून? पाहुण्यानंच दुसऱ्या नावानं लिहिलं नसेल कशावरून? आधी सावज कळू द्यावं, मग हाकारा.

तिनं कचेरीतला जुनाच डाव टाकला. दोन साक्षीदारांना दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्या आणि कुठली गोष्ट बाजारात येते ते बघायचं. पुढची छोटी आवृत्ती शनिवारी निघणार होती. मास्तरांना ते ठाऊक होतं, गटात अजून सांगितलं नव्हतं. पाहुण्याला मात्र तिनं एकट्याला लिहिलं, “गुरुवारी काढतोय. कोणाला बोलू नका.” त्यानं उत्तर दिलं, “बरं.” एवढंच. तो एवढंच का म्हणाला, यावरही तिनं बराच विचार केला.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं विचारलं, “गुरुवारी माझ्या कचेरीतल्या मित्राला जेवायला बोलावू का?” तर ती भांडी पुसता पुसता म्हणाली, “गुरुवारी नको, नवी आवृत्ती निघतेय.” खोटं बोलायचं तर सगळीकडे एकच बोलावं, नाहीतर आपणच कुठेतरी अडखळतो, हा तिच्या धंद्यातला धडा होता. नणंद बाजूला कपडे घड्या करत होती.

बुधवारी सकाळी त्या पांढऱ्या पानावर बटणाच्या खाली एक नवी ओळ आली. “नवी आवृत्ती गुरुवारी.”

कोतवालला झालेला आनंद तिला स्वतःलाच नंतर आठवावासा वाटला नाही. हात चोळत ती मास्तरांना फोनवर म्हणाली, “सापडला.”

“नीट विचारा त्याला,” मास्तर म्हणाले. “कदाचित त्यानं आणखी कोणाला सांगितलं असेल.”

“तेच तर गुन्ह्याचं मूळ, मास्तर. सांगू नका म्हटलेलं सांगितलं.”

पाहुण्याला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. तिनं ते भर गटात लिहिलं. पान कसं सापडलं, ठसा कसा तोच निघाला, गुरुवारची गोष्ट फक्त कोणाला ठाऊक होती, सगळं मुद्द्याला मुद्दा जोडून, दावा नामंजूर करताना लिहायची तसं. शेवटी, “तुमचा प्रवेश बंद करत आहे.” आणि उत्तर यायच्या आत तिनं तो बंद केलाही.

त्याचं उत्तर मग मास्तरांच्या पत्त्यावर आलं. “ते पान माझं नाही. तुम्ही मला विचारलं नाहीत, सांगितलंत. माझी चित्रं ठेवून घ्या, कोणाच्या तरी कामी येतील.”

मास्तरांनी ते तिला वाचून दाखवलं.

“असंच लिहितात,” ती म्हणाली. “चोराच्या उलट्या बोंबा.” पण आवाजात पूर्वीची धार नव्हती.

कारण एक गोष्ट तिला खुपत होती. पाहुणा गेला, तरी शनिवारी घोषणा व्हायच्या आतच पांढऱ्या पानावर नवी आवृत्ती चढलीच. गुरुवारची ओळ गुपचूप पुसली गेली होती. तिथे आता लिहिलं होतं, “आली.” फाईलचा ठसा पुन्हा तोच.

मग तिनं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. जहाजवाल्या काकांना फोन लावला.

“कोण? ऐकववाल्या?” काका दणदणीत आवाजात म्हणाले. बहुधा आयुष्यभर इंजिनाच्या वर आवाज काढून बोलायची सवय. “अहो, पत्ता कुठून म्हणजे? आमच्या वर्गातून! बुधवारी दुपारी सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात आमचा वर्ग भरतो. या की बघायला. आम्ही सगळे तेच वापरतो.”

“वर्ग कोण घेतं?”

“बाई घेतात. या तुम्ही, ओळख करून देतो. खडूस आहेत, पण शिकवतात झकास.”

बाई. तळघर. म्हणजे टोळीच आहे, कोतवालनं ठरवलं. बुधवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. निघताना बॅगेत छापून घेतलेले पुरावे घातले. घरी काही सांगितलं नाही, कारण आता ती कोणालाच काही सांगत नव्हती.

वाचनालयाच्या मागच्या जिन्यानं खाली उतरलं की एक लांबट बोळ होता. भिंतीला जुन्या नियतकालिकांचे गठ्ठे, टोकाला अर्धवट उघडं दार. आतून हसण्याचा आवाज येत होता. कोतवाल दाराबाहेरच थांबली. आत घुसण्यापूर्वी ऐकून घ्यावं म्हणून.

आत संगणक बोलत होता. ‘ऐकव’चाच आवाज, तिनं स्वतः कितीदा तपासलेला. “लिंक. डाउनलोड चौसष्ट बिट. लिंक. डाउनलोड बत्तीस बिट. लिंक. डाउनलोड बत्तीस बिट जुनी. लिंक. डाउनलोड चाचणी. लिंक. डाउनलोड कच्ची. लिंक. डाउनलोड मूळ कोड. लिंक...” आवाज थांबेना. मध्येच कोणीतरी म्हणालं, “अजून संपलं नाही?” पुन्हा हशा पिकला. एक बाई हसत हसत म्हणाली, “माझा नवरा भांडताना असाच थांबत नाही.”

ते तिचं पान होतं. तिनं ते हजारदा पाहिलं होतं. ऐकलं एकदाही नव्हतं.

“बास,” आतून ओळखीचा आवाज आला. “हे का ऐकवलं, तर चुकून इथे आलात तर घाबरू नका, नुसतं मागे फिरा. आता आपलं पान उघडा.”

कोतवालनं दार ढकललं. समोर, टेबलाला टेकून, हातात काठ्यांचा जुडगा घेऊन तिची नणंद उभी होती.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. वर्गातल्या एकालाही ते दिसलं नाही, पण शांतता सगळ्यांना कळली.

“कोण आलंय?” काकांनी विचारलं.

“माझी वहिनी,” नणंद म्हणाली. “तुम्ही आपापली पानं उघडा. मी आलेच.”

बोळात आल्यावर कोतवालच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, “तू?”

“मीच.”

“आणि माझ्या समोर बसून रोज जेवतेस?”

“तू माझ्या समोर बसून चोर म्हणत होतीस, त्याचं काय?” नणंद दबक्या आवाजात म्हणाली. “मला वाटलं तुला कळलंय. कळूनच बोलतेयस. लेकी बोले सुने लागे ऐकलं होतं, आमच्याकडे सून बोलते नि लेकीला लागतं. ‘घरभेदी आहे’ काय, ‘विषाची गोळी’ काय! मी रात्रभर छताकडे बघत पडले होते.”

“मला काय स्वप्न पडलं होतं? मग तेव्हाच सांगायचं ना!”

“सांगितलं होतं, वहिनी. दोनदा. एकदा म्हटलं, माझ्या लोकांना तुमच्या पानावर फाईल सापडत नाही. तू म्हणालीस, ‘ज्याला स्वतःचं मशीन कुठलं ते माहीत नाही, त्यानं कोणालातरी विचारावं.’ पुन्हा म्हटलं, तर तू लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणालीस, ‘मास्तरांना लिही.’ मास्तरांना लिहिलं. त्यांनी स्वातंत्र्यावर एवढं मोठं उत्तर पाठवलं. मग एका रविवारी बसले आणि केलं पान. फाईल तुमचीच, जशीच्या तशी. मी कोणाचं काय चोरलं?”

कोतवालला दोन्ही वेळा आठवल्या. नकोशा स्पष्टपणे.

“आणि आदल्या संध्याकाळीच फाईल कशी मिळायची तुला?”

“तूच टेबलावर सांगतेस, ‘चढवल्या एकदाच्या, उद्या सकाळी जाहीर करायच्या.’ मी वर जाऊन घेते. गुरुवारही तूच सांगितलास. लोकांना आधी कळवलं की बरं पडतं म्हणून लिहिलं, आणि गुरुवारी काहीच आलं नाही. दिवसभर माझा फोन वाजत होता.”

कोतवाल भिंतीला टेकली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तोही नुसता वळसा नाही, वाटेत एका माणसाला ढकलून दिलं होतं.

“मी एकाला हाकललंय,” ती म्हणाली. “तुझ्या पानापायी. चारचौघांत.”

नणंदेनं हे ऐकलं आणि पहिल्यांदा तिचा राग ओसरला. “कोणाला?”

“ज्याला तुझ्यासारखंच पान करायचं होतं.”

घरी आल्यावर कोतवालनं गटात लिहिलं. जिथे आरोप केला होता, तिथेच. पान माझ्या घरातलं निघालं, बातमी माझ्याच तोंडून गेली, पाहुण्याचा काडीचाही दोष नव्हता. माफी मागते. पाहुण्याला वेगळंही लिहिलं, की प्रवेश पुन्हा उघडला आहे, तुम्ही परत याल तर मला बरं वाटेल.

त्याचं उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं. “कळलं. राग नाही. पण तुमच्या दारात उभं राहिलं की आता मला माझे खिसे तपासावेसे वाटतील, म्हणून येत नाही. पान मात्र करा. कोड मोकळाच आहे.” सोबत पूर्ण झालेलं काम होतं. पान स्वतः मशीन ओळखत होतं. सर्वांत वर एकच बटण, आणि ऐकणाऱ्यासाठी पहिलीच ओळ, “एंटर दाबा.”

तिनं ते वाचलं, तिला लाज वाटली, आणि मग तिनं त्याचा कोड ओळीनं ओळ तपासायला घेतला. राग नाही म्हणणाऱ्या माणसानं जाता जाता काही पेरून ठेवलं नसेल कशावरून? नवरा मागे उभा राहून बघत होता. “अजून?” त्यानं विचारलं. “दुसऱ्याला आत घ्यायचं तर बघून घ्यावं लागतं,” ती म्हणाली. दोनदा पाहिला. काही नव्हतं. स्वच्छ कोड होता, वर नम्रपणे लिहिलेल्या टिपा होत्या. दुसऱ्या वेळी बघताना तिचे डोळे भरून आले, पण तिनं बघायचं सोडलं नाही.

मास्तरांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. शेवटी तिनं त्यांना सांगितलं, “डोळे मिटा,” आणि ‘ऐकव’ला जुनं पान वाचायला लावून फोन त्यासमोर धरला. मास्तरांनी अर्धंअधिक ऐकलं. “बंद करा ते,” म्हणाले. “पण बाकीचे पर्याय खाली राहिलेच पाहिजेत हं. एकही गाळायचा नाही.” एकही गाळला नाही.

नवं पान चढलं त्या संध्याकाळी कोतवाल नणंदेला म्हणाली, “आता तुझं पान काढून टाक. दोन पानं असली की उद्या कोणी तिसरं काढेल, आणि ते खरंच चोराचं असेल.”

“बघते,” नणंद म्हणाली.

“बघते म्हणजे?”

“म्हणजे आधी तुमचं पान माझ्या लोकांपुढे टिकतं का बघते. पुढच्या महिन्यात मास्तरांना पुन्हा स्वातंत्र्याची उबळ आली तर? तुमच्यावर विश्वास ठेवायला वेळ लागेल, वहिनी. मनाला लावून घेऊ नकोस.”

हे वाक्य खरं तर कोतवालचंच असायला हवं होतं.

पुढच्या बुधवारी ती पुन्हा रजा काढून तळघरात गेली. या वेळी बोलावल्यावर, आणि आत बसायला. नणंदेनं सगळ्यांना नवा पत्ता दिला. जहाजवाल्या काकांनी तो टाइप केला, कान पुढे केला. “एंटर दाबा,” पान म्हणालं. काकांचं बोट कळीवर गेलं आणि तिथेच थांबलं.

“बाई,” ते म्हणाले, “हे तुमचं नाही ना?”

“नाही. हे मूळ ‘ऐकव’वाल्यांचं.”

“मूळवाल्यांच्या पानावर तर ती लांबलचक जंत्री असते. हे एवढं सोपं कसं काय झालं एकाएकी?” काकांनी भुवया वर केल्या. “बघा हं. कोणीतरी नक्कल करून ठेवली असेल.”

कोतवाल खुर्ची पुढे ओढून त्यांच्या शेजारी बसली. “काका, मीच ती मूळवाली. फोनवर बोललो होतो आपण.”

“फोनवर कोणीही बोलतं,” काका म्हणाले. “तुम्ही त्याच कशावरून?”

वर्गात हशा पिकला. नणंद हसली नाही. ती कोतवालकडे बघत होती, काय करते ते.

“बरोबर आहे,” कोतवाल म्हणाली. “नका ठेवू विश्वास. थांबा, या फाईलचा ठसा बाईंच्या पानावरच्या फाईलशी कसा ताडून बघायचा ते तुम्हाला शिकवते. कानानंही ऐकता येतो.” आणि तिनं काकांचा हात एंटरवरून अलगद उचलून योग्य कळीवर ठेवला.